हसू आले, पण कळले का?



परवा मोडनिंबला एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. डाळिंबावरच्या तेल्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तेवढ्यात बारावीत शिकणाऱ्या एका पोराने मोबाईलवर आलेला विनोद मोठ्याने वाचून दाखवला. "न्यूटन सफरचंदाच्या झाडाखाली बसला, म्हणून आपल्यामागं फिजिक्स लागलं. तोच कोकणात फणसाखाली बसला असता, तर सगळेच सुटलो असतो!"

टपरीवर एकच हशा पिकला. मीही हसलो. हा विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. तेव्हा फणसाच्या जागी नारळ असायचा, इतकाच काय तो फरक.

हसणे ओसरल्यावर बाकड्याच्या कडेला बसलेले एक वयस्कर आबा म्हणाले, "सायेब, एक इचारू का? फळ खाली पडतं हे माझ्या आजीलाबी ठावं हुतं. मग त्या न्यूटनानं नवं काय शोधलं?"

सगळे गप्प. विनोद वाचणारा पोरगा मोबाईलमध्ये डोके घालून बसला. पोट धरून हसलेल्या दहा-बाराजणांत कुणालाही उत्तर देता येईना, आणि आबा तर हसलेही नव्हते. प्रश्न मात्र त्यांनाच पडला. मला विचाराल तर त्या दिवशी टपरीवर खरा विज्ञानाचा विद्यार्थी एकच होता, आणि त्याच्या डोक्याला पटका होता.

आबांना जे सांगितले तेच आज इथे सांगतो.

चंद्र आणि गोफण

न्यूटन हा शेतकऱ्याचा मुलगा. इंग्लंडमधले वूल्स्थॉर्प हे त्याचे गाव. आईची इच्छा होती की पोराने शेती बघावी. पण त्याचे चित्त कामात नसे. मेंढरे दुसऱ्याच्या रानात शिरली म्हणून त्याला दंड झाल्याची नोंद आहे. पुढे १६६५ साली प्लेगची साथ आली, केंब्रिजचे विद्यापीठ बंद झाले आणि तो घरी परतला. तिथे बागेतले सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, ही हकीकत त्याने स्वतः म्हातारपणी, १७२६ साली, एका स्नेह्याला सांगितली. फळ डोक्यात पडले असे त्यात कुठेच नाही. ते पुढच्या लोकांनी हसण्यासाठी चिकटवले.

त्या झाडाची जात 'फ्लॉवर ऑफ केंट'. तिची कलमे बांधून जगात अनेक ठिकाणी झाडे लावली आहेत. आपण गावठी बोरीवर डोळा भरून चांगली जात करतो, त्यातलाच हा प्रकार. असो.

तर न्यूटनला पडलेला प्रश्न 'फळ खाली का पडते' एवढाच नव्हता. फळ पडते, मग चंद्र का पडत नाही, असा तो प्रश्न होता.

याचे उत्तर आपल्या ज्वारीच्या रानात आहे. माळ्यावर उभे राहून पाखरे राखताना गोफण फिरवली असेल, त्याला हे लगेच कळेल. गोफणीतला दगड सरळ निघून जायला बघतो आणि दोरी त्याला आत ओढून धरते, म्हणून तो गोल फिरतो. दोरीचे एक टोक सोडले की दगड सुटला सरळ. चंद्रही असाच पुढे निघून जायला बघतो आणि पृथ्वी त्याला ओढून धरते. दोरी दिसत नाही एवढेच. म्हणजे चंद्र पडतच असतो. पण तो पुढेही सरकत असल्यामुळे जमिनीवर न आदळता आपल्याभोवती फिरत राहतो.

मग न्यूटनने हिशेब मांडला. पृथ्वीच्या मध्यापासून तिचा पृष्ठभाग जितका लांब, त्याच्या साठपट लांब चंद्र आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नववा हिस्सा. या हिशेबाने साठपट अंतरावर ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटींनी कमी व्हायला हवी. झाडावरचे फळ पहिल्या एका सेकंदात सुमारे १६ फूट पडते. चंद्र पृथ्वीकडे तेवढेच १६ फूट वळायला एक मिनिट घेतो. हिशेब जुळला! जी ओढ बोरीचे बोर पाडते, तीच चंद्राला बांधून ठेवते, हे तेव्हा माणसाला कळले. आभाळाचा कायदा निराळा आणि जमिनीचा निराळा, ही समजूत त्याने मोडली.

आबा म्हणाले, "म्हंजी बोरीला अन् चंद्राला सातबारा एकच!" टपरी पुन्हा हसली. हा दुसरा हशा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला, कारण तो कळून आला होता.

खिचडी शिजली का नाही?

विनोदात पदार्थविज्ञान आले ते मोबाईलबरोबर, असे समजू नका. आपल्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. एखाद्या कामाला फार वेळ लागला की आपण म्हणतो, "ही काय बिरबलाची खिचडी आहे का?"

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कडाक्याच्या थंडीत एक गरीब माणूस बक्षिसासाठी रात्रभर तळ्याच्या पाण्यात उभा राहतो. दरबारातले लोक म्हणतात, लांब महालात दिवा जळत होता, त्याची ऊब याने घेतली, बक्षीस नाही. मग बिरबल उंच बांबूला हंडी टांगतो, खाली जमिनीवर चार काटक्या पेटवतो आणि खिचडी शिजायची वाट बघत बसतो.

या गोष्टीला आपल्या मायबहिणी सर्वांत आधी हसतात, कारण चुलीची आच किती लांब पोचते हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. पण तो पडताळा जरा पुढे नेऊ या. दिव्याची किंवा जाळाची जी आच चहूकडे फाकते, तिचाही हिशेब चंद्राच्या ओढीसारखाच आहे. अंतर दुप्पट, आच चौथाई. दिव्यापासून एका फुटावर हात धरला तर जी ऊब मिळेल, तिचा दहा हजारावा हिस्सा शंभर फुटांवर मिळतो. राहिली जाळावरून वर चढणारी गरम हवा. ती वाटेत थंड हवेत मिसळून जाते. म्हणून हंडी थंडच. बिरबल आणि न्यूटन दोघांचे गणित एकच निघाले की नाही?

आता मुद्द्याचे बोलतो. थंडीची लाट आली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. काही बागाईतदार बांधाच्या कोपऱ्यात एकच मोठा जाळ करतात आणि बाग वाचली असे समजून झोपायला जातात. ती सरळ सरळ बिरबलाची खिचडी! मोठ्या जाळाची गरम हवा जोराने उंच निघून जाते आणि लांबच्या ओळींना तिचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा बागेत जागोजाग, वेलींना झळ लागणार नाही अशा बेताने, लहान लहान शेकोट्या कराव्यात. रात्री पाणी देता आले तर तेही द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. आपण बिरबलाच्या हंडीला हसतो आणि बागेत तीच हंडी टांगतो, असे होऊ नये.

एका म्हशीची गोष्ट

आता माझी स्वतःची चूक सांगतो. बरीच वर्षे झाली, पण मन खाते.

२०१२ साली पावसाने दगा दिला. त्या साली आणि पुढच्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्याने काय सोसले ते तुम्हाला सांगायला नको. विहिरींनी तळ गाठला होता. एका गावात शेतकऱ्यांच्या बैठकीत पंपाबद्दल बोलायचे होते. लोक कंटाळलेले, काळजीत. म्हणून मी एक विनोद सांगितला.

एक पैलवान पैज लावतो की विहिरीच्या काठावर बसून लांब नळीने तळातले पाणी तोंडाने ओढून पितो. ओढतो, ओढतो, डोळे पांढरे होतात, पण पाणी येत नाही. दुसरा त्याहून दांडगा पैलवान येतो. त्याचीही तीच गत. शेवटी एक शाळकरी पोर म्हणते, "पैलवान, तुमचा जोर पुरे झाला. आता हवेला सांगा, खालून ढकल म्हणून!"

बैठक खदखदून हसली. मी खूश झालो, चार इतर गोष्टी बोललो आणि जीपमध्ये बसलो.

आठ-दहा दिवसांनी त्याच गावात गेलो, तर पुढच्याच ओळीत बसून हसलेल्या एका अण्णांनी दुभती म्हैस विकून पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीची मोटार आणून बसवली होती. जुन्याच जागी, विहिरीतल्या त्याच टप्प्यावर. पाणी तिथून २८ फूट खाली गेलेले. नवी मोटार घुमायची, पण पाणी येत नव्हते. अण्णा डोक्याला हात लावून बसले होते.

मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी पैलवानाची गोष्ट सांगितली होती ना?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "सायेब, त्या दिवशी समदी हसली, आमीबी हसलो. पर हवा ढकलती म्हंजी काय, ते कुठं सांगितलंत? आमाला वाटलं, पोरगं पैलवानाची टिंगल करतंय."

बंधूंनो, त्यावर मला उत्तर नव्हते. विनोद सांगून टाळ्या घेतल्या. पुढची चार वाक्ये सांगितली असती, तर ती म्हैस दावणीला राहिली असती. ती चार वाक्ये आज सांगतो.

पंप पाणी ओढत नाही. तो फक्त नळीतली हवा कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि तो दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. ढकलणारी हवा सगळ्यांना सारखीच, मग वर मोटार पाचची असो की पन्नासची.

ही हवा पाण्याला कुठवर ढकलू शकते? समुद्रकाठी फार तर ३४ फूट, म्हणजे सव्वादहा मीटरच्या आसपास. आपला भाग समुद्रापासून उंचावर, म्हणून इथे आणखी थोडे कमी. त्यातून नळीतले घर्षण, वाकणे, आपण ज्याला लाडाने 'फुटबॉल' म्हणतो त्या फूटव्हॉल्व्हची अडवणूक, कुठेतरी बारीक गळती. हे सगळे वजा केले तर भरवशाची उंची २० ते २२ फूट. अण्णांच्या विहिरीत होते २८. पाणी येणार कुठून?

हे कोडे इटलीतल्या लोकांनाही पडले होते. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात एका पंपाची हकीकत दिली आहे. पंप बिघडला म्हणून मेस्त्रीला बोलावले, तर मेस्त्री म्हणाला, पंपात दोष नाही, पाणीच फार खाली गेले आहे. ठरावीक उंचीच्या वर ते कुठल्याच पंपाने चढणार नाही. त्या काळचे विद्वान सांगत, निसर्गाला रिकामी जागा आवडत नाही म्हणून पाणी वर धावते. त्यांना कुणीही गमतीने विचारावे, की अहो, मग निसर्गाची ही नावड ३४ फुटांवर कशी संपते? पुढे गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली याने १६४३ साली पाण्याऐवजी पारा घेऊन उत्तर शोधले. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जड; तो नळीत जेमतेम ७६ सेंटिमीटरवर थांबतो. ७६ ला १३.६ ने गुणा, पाण्याची सव्वादहा मीटर उंची मिळते. सारी करामत बाहेरच्या हवेची.

अण्णांच्या विहिरीत आम्ही शेवटी काय केले? जुनीच पाचची मोटार लोखंडी अँगलवर दोराने खाली घेतली, पाण्यापासून बारा फुटांवर बांधली. पाण्याने भरून सुरू केली आणि पाणी आले. वर ढकलण्याचे काम पंप चांगले करतो. तिथे अश्वशक्ती उपयोगी पडते. म्हणूनच पाण्यात बुडवून बसवायच्या मोटारीला ही २२ फुटांची अडचण येत नाही. ती पाण्यातच असल्यामुळे थेट वर ढकलते. डाळिंबाची झाडे जगली. म्हैस मात्र परत आली नाही.

न कळता हसणारा न कळता फसतोही

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. चारचौघांत सगळे हसले की आपणही हसतो, कारण 'कळले नाही' म्हणायला लाज वाटते. तीच लाज पुढे महागात पडते. एक विक्रेता आमच्या भागात पाइपवर बसवायचे चुंबक घेऊन फिरत होता. खारे पाणी या चुंबकातून गेले की क्षारांचे अणू फुटतात आणि पाणी गोड होते, असे तो सांगे. 'अणू' शब्द ऐकून माणसे मान डोलवत. काहींनी पैसे मोजले. एकानेही विचारले नाही की बाबा, अणू फुटायला लागले तर आमच्या बागेत अणुबॉम्बच होईल की!

असे विचारले असते तर विनोदही झाला असता आणि पैसेही वाचले असते. अशा वेळी करायचे काम सोपे आहे. पाण्याचा नमुना उपकरणाआधी आणि उपकरणानंतर अशा दोन बाटल्यांत भरा, खुणा करा आणि प्रयोगशाळेत क्षार तपासून घ्या. आकडे खोटे बोलत नाहीत. विज्ञानाचा जड शब्द कानावर आला की मान डोलवू नका, 'म्हणजे काय?' विचारा.

जयंत नारळीकर हे नाव तुम्ही ऐकले असेल. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला हा मोठा खगोलशास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी पुण्यात वारला. केंब्रिजमध्ये नाव कमावून आलेल्या या माणसाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाला बघून नव्हे, तर कथेला बघून बक्षीस मिळावे म्हणून. आणि बक्षीस मिळाले. पण त्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट निराळी आहे. शाळेतली मुले सही मागायला वही पुढे करत, तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा; उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल.

एवढा मोठा माणूस, पण मुलांकडून त्याने प्रश्न मागितला. आपल्याकडे पोराने दोनदा 'का?' विचारले की आपण म्हणतो, "गप बस, लई शहाणा झालास." आपल्या राज्यघटनेने १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य पाळायला मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. जेवताना पोराला 'का?' विचारू दिले तरी पुष्कळ झाले.

आज रात्री एवढे करा

स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरा. त्यावर जाड पुठ्ठा किंवा पोस्टकार्ड ठेवा. पुठ्ठ्याला तळहाताने धरून पेला परातीवर उलटा करा आणि हात हळूच काढा. पाणी पडणार नाही. घरातली सगळी हसतील, पोरे पुन्हा करा म्हणतील. तेव्हा माझ्यासारखी चूक करू नका. हसणे संपायच्या आत विचारा, "पाणी कुणी धरलंय?" आणि हवेने धरले आहे, हे उत्तर पोरांनाच शोधू द्या. मग त्यांना विहिरीवर नेऊन आपली मोटार पाण्यापासून किती फुटांवर आहे ते मोजायला लावा. बावीसच्या वर आकडा निघाला, तर उन्हाळ्याआधी मोटार खाली घ्या.

परवा आबा पुन्हा टपरीवर भेटले. म्हणाले, "सायेब, नातवाला गोफणीचं सांगितलं. त्यो म्हनतोय, मग पृथ्वीला कोन ओढून धरतंय?"

मी म्हणालो, "आबा, त्याला म्हणावं, सूर्य. आणि सूर्याला कोण धरतं, हेही विचार म्हणावं."

पोरगा विचारील. त्याला गप्प बसवू नका म्हणजे झाले.